मशीन कपाटात आहे

फोन केला की पलीकडून ठरलेलं उत्तर यायचं. "मशीन व्हय? कपाटात हाय की!" सांगणाऱ्याच्या आवाजात समाधान असायचं. वस्तू नीट जपून ठेवलीय, मॅडमनी काळजी करायचं कारण नाही.

माझं काम कान तपासायचं आणि ज्याला गरज असेल त्याला ऐकण्याचं मशीन बसवून द्यायचं. सुरुवातीची काही वर्षं साताऱ्यात एका कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे काढली. नंतर सांगलीत पहिल्या मजल्यावर दोन खोल्या घेऊन स्वतःचं सुरू केलं. आष्टा आणि पलूसला महिन्यातून दोनदा तपासणीसाठी जायचे. पेशंट मला मुजावर मॅडम म्हणायचे, आणि त्यांच्या बायका नुसतंच "बाई". गेल्या वर्षी दोन्ही खोल्या सोडल्या. सामान हलवताना मनात आलं, मी बसवलेल्या मशीनांनी माणसांच्या कानांपेक्षा त्यांच्या कपाटांचीच जास्त सोबत केली.

मोबाईलवर एक व्हिडिओ नेहमी फिरत असतो. लहान बाळाच्या कानाला मशीन लावतात, ते दचकतं, मग हसतं, आई रडायला लागते आणि मागे बासरी वाजते. नात्यातलं कुणीतरी दरवर्षी मला तो पाठवतं आणि खाली लिहितं, 'किती पुण्याचं काम करता!' मी हात जोडलेलं चित्र पाठवते. माझ्या खोलीत बासरी कधी वाजली नाही. मशीन चालू केल्यावर पेशंटच्या तोंडून निघालेली पहिली वाक्यं मला पाठ आहेत. "पंखा बंद करा." "भांडी कोण आपटतंय?" "काढा ते." एका आजींनी सगळीकडे मान फिरवून पाहिलं आणि विचारलं, "एवढंच व्हय?"

आष्ट्याला आमच्याच नात्यातले एक भांड्यांचे व्यापारी होते. चाचा मशीन अगदी नियमाने वापरत, म्हणून मी सगळ्यांना त्यांचं उदाहरण द्यायचे. एकदा दुकानात गेले तर गिऱ्हाईक समोर उभं आणि चाचांनी मशीन काढून गल्ल्यावर ठेवलेलं. मी रागावले तर म्हणाले, "बेटी, भाव पाडून मागायला लागला की काढतो. त्याला ओरडून ओरडून दम लागतो, मग आपोआप कबूल होतो." औंधच्या एका निवृत्त मास्तरांचं मशीन कुत्र्याने चावलं. कुत्र्यांना त्याची बारीक शिट्टी आवडत नाही की कानातल्या मळाचा वास फार आवडतो, कोण जाणे, पण चावतात खरं. मास्तर चघळलेला तुकडा रुमालात घेऊन आले आणि म्हणाले, "कुत्रं मात्र आता हाकेला पटकन येतं."

माणसं चेष्टा करत आणि मी चिडत असे. आता सांगते ती गोष्ट मात्र चेष्टेवर गेली नाही.

पलूसच्या पुढे एका गावात सुभेदार आप्पा राहतात. तोफखान्यात नोकरी झाली. निवृत्त होऊन गावी आले, ऊस लावला, आणि कान गेले. तसे कान तोफेपाशीच गेले होते, गावाकडे आल्यावर घरच्यांच्या लक्षात आलं एवढंच. मुलगा-सून पुण्याला. घरात आप्पा आणि त्यांची बायको हौसाबाई, दोघंच.

दिवाळी होऊन साखर कारखाने सुरू झाले, त्यानंतर पंधरा दिवसांत हौसाबाई त्यांना घेऊन माझ्याकडे आल्या. आप्पांच्या कोपरापासून मनगटापर्यंत खरचटलेलं होतं. हौसाबाईंनी सांगायला सुरुवात केली तेव्हा बाहेरच्या बाकावरचे दोन पेशंट उठून आत डोकावले, इतका त्यांचा आवाज मोठा.

"आवं बाई, वाटंनं चाललं हुतं. मागनं उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या. डायवर हॉर्न मारून मारून दमला. ह्ये आपलं मधनं चालल्यात! शेवटाला त्यानं कडंला घातला म्हणून ट्रॉलीचा ऊसच घासून गेला. पुढच्या बारीला काय हुईल?"

"काय म्हणती?" आप्पांनी मला विचारलं.

"ट्रॅक्टरचं सांगतायत," मी त्यांच्याकडे तोंड करून म्हटलं.

"त्येचा हॉर्न बिघडलेला हाय," आप्पा शांतपणे म्हणाले.

ऐकू कमी येणाऱ्या माणसाच्या जगात सगळ्यांचं काहीतरी बिघडलेलं असतं. हॉर्न बिघडतात, टीव्ही बिघडतो, सुना पुटपुटतात. स्वतःचा कान तेवढा शाबूत.

तपासणी अशी असते. आवाज न शिरणाऱ्या छोट्या खोलीत पेशंटला बसवायचं, कानावर हेडफोन लावायचा, हातात बटण द्यायचं. बारीक बारीक आवाज सोडायचे. ऐकू आला, कितीही बारीक असो, की बटण दाबायचं. यापेक्षा सोपं काम जगात नसेल, पण सांगितलं तसं कुणी करेल तर शपथ. कुणी घराची बेल वाजवावी तसं एकसारखं दाबत राहतं. कुणी बटण सोडून हात वर करतं. आप्पांनी एकदाही दाबलं नाही. मी आवाज वाढवत वाढवत अशा टोकाला नेला, की तिथे मेलेला माणूस उठून बसावा. शेवटी दार उघडून विचारलं, "काहीच ऐकू येत नाही?"

"येतंय की."

"मग बटण?"

"लांबनं यायलाय. जवळ आला की दाबतो."

तीनदा समजावून तपासणी पुरी झाली. तपासणीच्या आलेखाची पट्टी पाहिली तर जाड आवाज बरेचसे शिल्लक होते, बारीक जवळजवळ सगळे गेलेले. बाहेरच्या माणसाला हे कळत नाही म्हणून सांगते. बोलण्यातला स्वर जाड असतो, तो पोचतो. पण स, श, फ, ख, त ही बारीक अक्षरं गळून पडतात. म्हणजे कुणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. 'साप' म्हटलं काय आणि 'आप' म्हटलं काय, सारखंच. आणि आपण मोठ्याने ओरडलो की स्वर आणखी मोठा होतो, अक्षरं गळलेलीच राहतात. म्हणून घरचे ओरडतात, आणि त्या माणसाला फक्त एवढंच कळतं की आपल्यावर ओरडतायत.

मशीन बसवण्याच्या दिवशी आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून आले. मी ते कानामागे अडकवलं, नळी आत बसवली, चालू केलं आणि समोर बसले. मला एवढा अनुभव होता, तरी त्या क्षणी मी पेशंटच्या तोंडाकडे आशेने बघायचेच. खोटं कशाला बोलू?

आप्पांनी डोळे बारीक केले. पंख्याकडे पाहिलं. रस्त्यावरून रिक्षा गेली तशी मान आखडली.

"ऐकाय येतंय का?" हौसाबाईंनी सवयीने त्यांच्या कानापाशी तोंड नेऊन विचारलं.

आप्पा खुर्चीतून निम्मे उठले. "वरडू नको! चुप! एकदम चुप!" रागावले की आप्पांना लष्करातली हिंदी सुचायची. "मॅडम, निकालो इसको!"

मी दोघांना बसवून सांगितलं. आप्पा, तुमचा मेंदू हे आवाज विसरलाय. रोज थोडा थोडा वेळ घाला, दोन-तीन आठवड्यांनी दिवसभर घाला, मग पंखा आपोआप मागे पडेल. हौसाबाई, आता ओरडायचं नाही, समोर येऊन साधं बोलायचं. आप्पांनी मान हलवली. हौसाबाई म्हणाल्या, "साधं कसं बोलायचं? अकरा वर्सं झाली साधं बोलून." त्याही वाक्याला बाहेरचे पेशंट आत डोकावले.

पुढे महिनाभर मी फोन करत होते. आप्पांना फोनची घंटी ऐकू येत नसे. हौसाबाई उचलत आणि सांगत, "बाई, कपाटात हाय. एकदा बी घातलं न्हाई. तुमीच सांगा आता."

संक्रांतीच्या सुमाराला पलूसची तपासणी लवकर आटोपली म्हणून मी रिक्षा केली आणि थेट त्यांच्या गावी गेले. पेशंटच्या घरी जाऊ नये, असं मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना नेहमी सांगायचे. घरी गेलं की आपला पेशंट राहत नाही, आपण त्यांच्या घरच्या भांडणातले एक होतो. स्वतः मात्र गेले.

हौसाबाईंनी कपाट उघडून डबी काढली. आप्पांच्या पदकांच्या डबीत, लाल मखमलीवर, मशीन ठेवलं होतं. शेजारी बॅटऱ्यांचं पाकीट, न फोडलेलं. आप्पा सोप्यात पेपर वाचत बसले होते. मी समोर बसून बोलायला लागले. अर्धा तास बोलले. ट्रॅक्टर, ट्रॉल्या, मेंदू, सवय, बायकोची काळजी, सगळं सांगून झालं. आप्पा मान हलवत होते. मला ती मान चांगली ओळखीची. न ऐकणारी माणसंच एवढी एकसारखी मान हलवतात.

मग त्यांनी पेपर उचलला आणि तोंडासमोर धरला.

बहिऱ्या माणसाला पाठ फिरवणं फार सोपं. त्याने नजर काढून घेतली की आपण संपलो. मला इतका संताप आला की मी उभी राहिले. त्याच वेळी त्यांनी पान उलटायला पेपर खाली घेतला आणि मी म्हटलं, "मग बसा पुढच्या ट्रॉलीची वाट बघत. एकदाची जाऊ दे डोक्यावरून."

हळूच म्हटलं होतं. स्वतःशीच म्हणा ना. हौसाबाई आत चहा टाकत होत्या, त्यांना ऐकू गेलं नाही. आप्पांनी पेपरची घडी घातली, मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "ह्ये ऐकलं मी."

ओठ वाचले त्यांनी. असं करू शकतात ही माणसं, आणि मला ते माहीत होतं. मी हे मुलींना शिकवायचे.

चहा न घेता निघाले. पुढचा महिनाभर पलूसला जायची, पण त्या गावाचं नाव काढलं नाही. फोनही केला नाही. चिडचिड करणं वेगळं आणि त्या दिवशी मी बोलले ते वेगळं. माफी मागायची तर फोनवर मागता येत नव्हती, कारण त्यांना फोन ऐकू येत नव्हता. ही पळवाट मला बरी सापडली होती.

शिवरात्रीच्या आसपास एका सकाळी क्लिनिक उघडायला गेले तर जिन्याच्या वर आप्पा एकटेच ताठ उभे. डोक्याला मफलर गुंडाळलेला. मी कुलूप काढता काढता म्हटलं, "आप्पा, त्या दिवशी मी चुकले."

माझी त्यांच्याकडे पाठ होती. कुलपाशी बोलले मी. तरी मागून उत्तर आलं, "ऱ्हाऊ द्या मॅडम. बॅटरी द्या, संपत आली म्हणून पिपी करायलंय."

मी वळून पाहिलं. आप्पांनी मफलर सोडला. मशीन कानामागे होतं.

आत बसल्यावर त्यांनी सांगितलं. मी गेल्यावर राग आला होता. रागाच्या भरातच दुसऱ्या दिवशी मशीन खिशात घालून रानात गेले आणि तिथे कानात घातलं. घरात आवाज अंगावर येत होते, रानात तसं होईना. उसाला पाणी सोडलं होतं. सरीतून पाणी पुढे सरकताना आवाज करतं, हे ते विसरून गेले होते. मग रोज रानात घालायला लागले. आठ-दहा दिवसांनी घरातही. हौसाबाईंना मात्र सांगितलं नाही. थंडीचं निमित्त, वरून मफलर.

"सांगितलं का नाही?" मला पुन्हा चीड आली. "त्यांनी किती जीव टाकला तुमच्यासाठी!"

"सांगणारच हुतो. चेष्टा करावी म्हटलं. गुमान ऐकावं आणि एकदम उत्तर द्यावं." आप्पा थांबले. "मॅडम, छातीची तपासणी कुठं करत्यात?"

"तुम्हाला काय होतंय?"

"मला न्हाई. तिला."

मग मला कळलं ते असं. अकरा वर्षं हौसाबाई आप्पांशी बोलत होत्या. समोरून ओरडून कामापुरतं, आणि पाठीमागून खरं. आप्पा सोप्यात पाठमोरे बसलेले, त्या चुलीपाशी किंवा धान्य निवडताना. दिवसभराचं सगळं त्या पाठीला सांगायचं. जावेचं, सुनेचं, शेजारणीचं, पोटात असेल ते. स्वतःच प्रश्न विचारायचा, स्वतःच त्यांच्या वतीने उत्तर द्यायचं. आणि रोजच्या बोलण्यात एक ठरलेलं, "आज बी कळ आली बघा छातीत. पाण्याची घागर उचलताना. कुणाला सांगू? पोराला सांगितलं तर पुण्याला चल म्हणंल. तुमाला सांगून तुमाला कुठं ऐकाय येतंय."

"मग तुम्ही काय केलंत?"

"विचारलं, तुला काय हुतंय का? तर म्हणाली, मला काय धाड भरलीय?" आप्पांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "आता मी ऐकलं म्हणून सांगितलं तर एवढं बी सांगायची बंद हुईल. मग मला कळायचं कसं?"

मला आठवलं. मशीन घ्यायला आल्या होत्या तेव्हा हौसाबाई माझ्या जिन्यात मध्येच थांबल्या होत्या. कठडा धरून, छातीवर हात. मी वरून पाहिलं आणि म्हटलं, "गुडघे का हो?" त्या म्हणाल्या, "व्हय, गुडघंच." आणि मी त्यांच्या नवऱ्याच्या कानाकडे वळले. आम्हा कानवाल्यांना कानाच्या खाली माणूस असतो हे लक्षात राहत नाही.

"मॅडम, तुमी एक करा," आप्पा म्हणाले. "तुमी सांगा, मशीनच्या कागदाला घरातल्या माणसाची बी तपासणी लागती. बीपी, छातीची पट्टी. नियम हाय म्हणा."

"असा काही नियम नाही."

"म्हणून तर तुमी सांगायचा. मी सांगितला तर ती मानणार न्हाई."

मी नाही म्हटलं. पेशंटशी खोटं बोलायचं नाही, हा नियम मात्र माझ्याकडे होता. आप्पांनी नवी बॅटरी बसवून घेतली, उठले, दारापर्यंत गेले आणि तिथे उभे राहिले. माझ्याकडे पाठ करून. मी वाट बघत होते की आता जातील. जाईनात. शेवटी मीच म्हटलं, "परवा घेऊन या." तशी त्यांनी लगेच वळून सलाम ठोकला. माझ्या सगळ्या पेशंटांत हा एकच मला इतका स्वच्छ ऐकू शकत होता, आणि त्याचा मला त्या घडीला रागच आला.

परवाच्या दिवशी हौसाबाई आल्या त्या कुरकुरतच. "ऐकायचं ह्येंना न्हाई आणि तपासायचं मला! कुठनं काढला ह्यो नियम?"

"वरून आलाय," मी म्हटलं आणि नजर चुकवली.

आमच्याच गल्लीच्या टोकाला एका डॉक्टरांचा दवाखाना आहे. त्यांना आधी सांगून ठेवलं होतं. मीही बरोबर गेले. हौसाबाईंना एकटं पाठवलं असतं तर त्या दारातूनच परतल्या असत्या. डॉक्टरांनी छातीची पट्टी काढली, ती हातात धरून बराच वेळ पाहिली, मग विचारलं, "छातीत दुखतं का कधी?"

"न्हाई बा."

"दम लागतो?"

"आता ह्या वयाला थोडा लागायचाच."

"कधीपासून?"

"परवा एक दिस लागला हुता. पित्तानं असंल."

"दिवाळीपासनं," आप्पा म्हणाले.

ते खिडकीपाशी, आमच्याकडे पाठ करून उभे होते. तसेच उभे राहून बोलत राहिले. "घागर उचलली की. माडीची पायरी चढली की. डाव्या हाताला मुंग्या येत्यात. परवाच्या सोमवारी घाम फुटून जात्यापशी बसून ऱ्हायली हुती, शेजारणीला म्हणाली चक्कर आली."

डॉक्टरांना काही कळलं नव्हतं, ते लिहून घेत होते. हौसाबाई नवऱ्याच्या पाठीकडे बघत होत्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी इतकी वर्षं रागावलेली माणसं पाहिली आहेत, रडलेली पाहिली आहेत, पण तसं तोंड परत पाहिलं नाही. भर बाजारात कुणी पदर ओढावा तसं ते तोंड.

"कवापासनं?" त्यांनी विचारलं. मला विचारलं, की आप्पांना, की मशीनला, मला सांगता येणार नाही. आणि त्या एवढ्या हळू बोलल्या होत्या, की मला वाटलं, ह्यांना साधं बोलता येतं तर.

त्याच दिवशी त्यांना मिरजेला नेलं. हृदयाची एक नळी बरीचशी बंद होती. तिथल्या डॉक्टरांनी स्प्रिंग बसवली आणि सांगितलं, उशीर केला असता तर अवघड होतं. पुण्याहून मुलगा-सून आले. आप्पा दवाखान्याच्या व्हरांड्यात मशीन घालून बसून होते आणि नर्सने नाव पुकारलं की इतर नातेवाइकांच्या आधी उठत होते. हे मला त्यांच्या मुलाने फोनवर सांगितलं. "मॅडम, तुमचे उपकार," असंही म्हणाला. बरं वाटलं. मी माझ्या बहिणीला फोन करून ही गोष्ट सांगितली, त्यात माझा भाग थोडा वाढवूनच सांगितला.

उन्हाळ्यात एका दुपारी हौसाबाई माझ्याकडे आल्या. वाळल्या होत्या, पण चेहरा बरा होता. आप्पांना बाहेरच्या बाकावर बसवलं, काचेचं दार लावून घेतलं आणि माझ्यासमोर बसल्या. मला वाटलं, आता आभार. कुणी आभार मानायला आलं की काय बोलायचं ते मी ठरवून ठेवलेलं असायचं, कारण फार वेळा उपयोगी पडत नसे.

"बाई, माझा तुमच्यावर राग हाय," हौसाबाई म्हणाल्या.

मी ठरवलेलं गिळून टाकलं.

"जीव वाचला म्हणत्यात सगळी. वाचला असंल. मी न्हाई म्हणत न्हाई. पण मला येक सांगा. तुमच्या घरातलं कुणाला सांगता तुमी?"

"बहिणीला."

"मला भन न्हाई. आई जाऊन लय वर्सं झाली. सासरची माणसं सासरची. मी ह्येंच्या पाठीला सांगायची. लय हलकं वाटायचं बघा. काय बी बोलावं. ह्येंच्या आईला बी शिव्या दिल्यात मी, ह्येंच्यादेखत. ह्येंना बी दिल्यात." त्यांनी डोळ्याला पदर लावला नाही. त्या रडत नव्हत्याच, वैतागल्या होत्या. "आता तोंड उघडलं की ह्ये वळून बघत्यात. आणि उत्तर देत्यात!"

"मग चांगलंच आहे की, हौसाबाई."

"काय चांगलं? मी म्हटलं, जाऊबाई अशी बोलली. तर ह्ये म्हणत्यात, तुझंच चुकलं, तू तसं म्हणायचं न्हाईस. मी उत्तर मागितलं हुतं व्हय? अकरा वर्सं मला उत्तर लागलं न्हाई. आता रोज चार देत्यात."

माझा सगळा धंदा एका समजुतीवर उभा होता. माणूस बोलतो तो उत्तरासाठी बोलतो, आणि उत्तर येत नाही हे त्याचं दुःख. ती समजूत घेऊन मी घरोघर फोन केले, कपाटं उघडायला लावली, एका म्हाताऱ्या माणसाला नको ते बोलले. समोरची बाई सांगत होती, की तिला ऐकणारा होता, तो मी काढून घेतला.

"असं करा," मी शेवटी म्हटलं. "रात्रीचा स्वयंपाक करता तेव्हा तासभर त्यांना मशीन काढून ठेवायला सांगा. कानालाही विश्रांती मिळते. चालतं तसं."

"सांगून बघितलं की." हौसाबाई उठल्या. "न्हाई म्हणत्यात. म्हणत्यात, मॅडमनी दिवसभर घालायला सांगितलंय. मॅडमचा हुकूम हाय."

इतक्या वर्षांत माझं सांगणं शब्दाला शब्द पाळलेला हा एकच पेशंट. मला हसायचं होतं, पण हौसाबाईंच्या तोंडाकडे बघून धीर झाला नाही. मी नवीन बॅटऱ्यांचं पाकीट त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते घेतलं, पिशवीत टाकलं, दार उघडलं आणि आप्पांच्या अंगावरून जिन्याकडे जाता जाता ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटल्या. मी चार हातांवर होते, माझे कान शाबूत आहेत, मला एक अक्षर कळलं नाही.

आप्पा बाकावरून उठले, त्यांच्या मागे निघाले आणि म्हणाले, "व्हय, लय आगाव हाय ती बाई. जपून उतर."